चाल, वेग आणि गती: 'वेगमर्यादा' हा शब्द चुकीचा आहे का?

शीव येथील एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, त्यांच्या नववीतील मुलीला विज्ञानाच्या पुस्तकात 'चाल' आणि 'वेग' या दोन वेगळ्या राशी म्हणून शिकवल्या जातात, तर मग मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील फलकावर 'वेगमर्यादा' हा शब्द का वापरतात, तो चुकीचा मानावा काय, आणि 'गतीचे नियम' म्हणताना जी 'गती' येते ती या दोहोंपैकी कोणती. प्रश्न वाटतो त्याहून खोल आहे, कारण त्याच मार्गाच्या नावात 'गती' आहे, फलकावर 'वेग' आहे आणि पुस्तकाच्या हिशेबाने तिथे खरी मर्यादा घातलेली आहे ती 'चाली'वर.

आधी विज्ञानातला भेद पाहू. वस्तूने एकक कालावधीत कापलेले अंतर म्हणजे चाल, आणि एकक कालावधीत झालेले विस्थापन म्हणजे वेग. विस्थापन म्हणजे सुरुवातीच्या ठिकाणापासून शेवटच्या ठिकाणापर्यंतचे सरळ रेषेतील अंतर, आणि तेही दिशेसह. म्हणून चाल ही अदिश राशी ठरते आणि वेग ही सदिश. चर्चगेट ते विरार हे अंतर लोहमार्गाने सुमारे ६० किलोमीटर आहे. समजा, एखादी लोकल दीड तासात विरारला पोहोचली आणि दीड तासात परत चर्चगेटला आली, तर तीन तासांत तिने १२० किलोमीटर अंतर कापले आणि तिची सरासरी चाल ताशी ४० किलोमीटर झाली. परंतु ती जिथून निघाली तिथेच परत आल्यामुळे तिचे विस्थापन शून्य, आणि म्हणून या संपूर्ण फेरीतील तिचा सरासरी वेगही शून्य. 'विरार लोकल शून्य वेगाने धावली' हे वाक्य घरात मोठ्याने वाचून दाखवल्यास कोणीही सिग्नल बिघडला असेल असेच समजेल. भौतिकशास्त्राच्या भाषेत मात्र ते निर्दोष आहे.

येथे एक उपप्रश्नही निकालात काढता येतो. 'जलद' आणि 'धिमी' लोकल यांतला फरक सरासरी चालीचा आहे. दोन्ही प्रकारच्या गाड्या दोन स्थानकांच्या मध्ये जवळजवळ सारख्याच चालीने धावताना दिसू शकतात. जलद गाडी मधली स्थानके सोडते, थांबण्यात आणि पुन्हा चाल पकडण्यात जाणारा तिचा वेळ वाचतो, आणि म्हणून एकूण अंतर भागिले एकूण वेळ हा भागाकार तिच्या बाबतीत मोठा येतो. स्पीडोमीटरचा काटा जे दाखवतो ती त्या क्षणाची चाल असते. त्या यंत्राला गाडीचे तोंड कोणत्या दिशेला आहे याच्याशी काहीही कर्तव्य नसते, त्यामुळे त्याला 'वेगमापी' म्हणणेही काटेकोर विज्ञानात बसत नाही.

भेदाचे खरे महत्त्व वळणावर कळते. मरीन ड्राइव्हचा रस्ता धनुष्यासारखा वाकलेला असून त्याची आतली बाजू समुद्राकडे आहे. नरिमन पॉइंटकडून गिरगाव चौपाटीकडे जाणारी मोटार काटा ४० वर कायम ठेवून चालली आहे असे धरू. बोलण्यात आपण म्हणू की तिने वेग कायम राखला. पुस्तकाच्या भाषेत तिची चाल कायम आहे, परंतु दिशा प्रत्येक क्षणी थोडी थोडी बदलत असल्याने तिचा वेग सतत बदलतो आहे. आणि वेग बदलतो आहे म्हणजेच तिला त्वरण आहे, जरी काटा तसूभरही हललेला नसला तरी. हे त्वरण वळणाच्या केंद्राकडे, म्हणजे डाव्या हाताला समुद्राकडे असते, आणि ते घडवून आणणारे बल टायर व रस्ता यांच्यातील घर्षणातून मिळते. हे बल चालीच्या वर्गाच्या प्रमाणात लागते, म्हणजे त्याच वळणावर चाल दुप्पट केली तर चौपट बल हवे. पावसाळ्यात रस्ता ओला झाला की घर्षणातून मिळू शकणारे बल कमी होते, आणि ते अपुरे पडले की मोटार वळण सोडून सरळ जाऊ पाहते. घाटातील तीव्र वळणांवर मर्यादेचा आकडा खाली येतो, त्याचे एक मोठे कारण हेच.

'त्वरण' या शब्दाविषयी जाता जाता माझे मत नोंदवतो. तो 'त्वरा' या शब्दाच्या कुळातला असल्यामुळे मुलांना त्यात केवळ घाई ऐकू येते, आणि मग चाल कमी होणे किंवा नुसती दिशा बदलणे हेही त्वरणच, हे पचनी पडायला वेळ लागतो. चाल कमी होते त्या प्रकारासाठी 'अवत्वरण' किंवा 'मंदन' असे वेगळे शब्द द्यावे लागतात. मराठी विश्वकोशात यासाठी 'प्रवेग' हा शब्द वापरलेला आढळतो, जसा बलासाठी 'प्रेरणा'. 'प्रेरणा' मागे पडली याचे मला दुःख नाही, कारण व्याख्यानमालांनी तिचा ताबा केव्हाच घेतला आहे. 'प्रवेग' मात्र टिकायला हवा होता, कारण ही राशी वेगाच्या बदलाशी निगडित आहे हे त्या शब्दातच दिसते. तरीही शाळेत 'त्वरण' रुजलेले आहे, आणि उत्तरपत्रिकेत तेच लिहावे.

आता मूळ प्रश्न. परिभाषा ठरवणाऱ्यांनी नवे शब्द घडवले नाहीत. रोजच्या भाषेतले दोन शब्द उचलून त्यांचे अर्थ आखून दिले. दिशा असलेल्या आणि नसलेल्या राशींसाठी स्वतंत्र संज्ञा हॅमिल्टन या आयरिश गणितज्ञाने १८४० च्या दशकात वापरात आणल्या, आणि पुढे इंग्रजीतही दोन जवळच्या शब्दांना असेच वेगवेगळे काम वाटून द्यावे लागले. मराठीत या वाटणीत 'वेग' दिशेकडे गेला आणि 'चाल' आकड्याकडे. परंतु बोलीत 'वेग' त्याआधीपासून नुसत्या शीघ्रतेसाठी वापरात होता आणि आजही आहे: भरधाव वेग, वाऱ्याचा वेग, वेगवान गोलंदाज. यांत दिशेचा उल्लेख कोणी करत नाही, आणि त्यामुळे कोणाचे काही अडतही नाही. उलट 'चाल' हा शब्द आधीच ओझ्याखाली वाकलेला आहे. घोड्याची चाल, गाण्याची चाल, बुद्धिबळातील चाल, शत्रूवर चाल करून जाणे, वडिलोपार्जित चालरीत, एवढे सगळे त्याच्या पदरात असताना रस्त्याच्या कडेला 'चालमर्यादा ८०' असा फलक लावला तर तो पादचाऱ्यांसाठी आहे की संगीतकारांसाठी, असा प्रश्न पडेल. म्हणून 'वेगमर्यादा' हा शब्द योग्य आहे. तो सार्वजनिक मराठीतला शब्द आहे आणि त्या मराठीत 'वेग' म्हणजे किती भराभर, एवढेच. शास्त्रीय लिखाणातही 'प्रकाशाचा वेग' आणि 'ध्वनीचा वेग' असेच म्हणण्याची रूढी आहे, जरी तिथे बहुतेक वेळा केवळ परिमाणच अभिप्रेत असते.

गंमत अशी की काही ठिकाणी बोलीतला 'वेग' नकळत काटेकोर अर्थाजवळ येतो. पावसाळ्यात वाऱ्याविषयी सांगताना हवामान खाते आकड्याबरोबर दिशाही देते, कारण मच्छीमारांना दोन्ही कळणे आवश्यक असते. मात्र तिथे एक जुनी पद्धत ध्यानात ठेवावी लागते: वाऱ्याचे नाव तो जिथून येतो त्या दिशेवरून पडते. नैर्ऋत्य मोसमी वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि ईशान्येकडे जातो. म्हणून वहीत त्याच्या वेगाचा बाण काढायचा झाल्यास टोक ईशान्येकडे असले पाहिजे. हा बाण उलटा काढलेला मी चांगल्या हुशार मुलांच्या वहीतही पाहिला आहे.

राहिली 'गती'. ती या दोहोंपैकी कोणतीही नाही. काळानुसार वस्तूचे स्थान बदलणे या घटनेचे नाव गती; ती किती, हे सांगायला चाल किंवा वेग लागतो. म्हणून 'गतीचे नियम' हे नाव अचूक आहे आणि 'मोटारीची गती ताशी ६० किलोमीटर' हे वाक्य शाळेच्या उत्तरात टाळावे, वर्तमानपत्रात चालेल. 'गतिरोधक' आणि 'द्रुतगती मार्ग' हे शब्द त्या दुसऱ्या, सैल अर्थाचे आहेत; 'त्याला गणितात गती आहे' यातली गती तर आणखी निराळी. मुळात हा सैलपणा केवळ मराठीचा नाही. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या लॅटिन ग्रंथात न्यूटनने दुसरा नियम सांगताना 'गतीतील बदल' अशा अर्थाचे शब्द योजले आहेत, आणि त्या 'गती'चे माप म्हणून त्याने वस्तुमान व वेग यांचा गुणाकार दिला आहे, ज्याला आज आपण 'संवेग' म्हणतो.

पहिल्या नियमाच्या मराठी मांडणीत या सगळ्याची एक खूण सापडते. असंतुलित बल कार्यरत नसेल तर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि गतिमान वस्तू 'एकसमान वेगाने सरळ रेषेत' जात राहते, असे आपण लिहितो. 'वेग' काटेकोर अर्थाने घेतला तर 'सरळ रेषेत' हे शब्द जादाचे ठरतात, कारण एकसमान वेगात दिशाही एकसमान असतेच. तरीही ते काढू नयेत, कारण वाचणाऱ्याच्या कानात रस्त्यावरचा 'वेग' असतो आणि त्यात सरळ रेषेची हमी नसते. ज्यांना पुनरुक्ती सलते त्यांनी 'एकसमान चालीने सरळ रेषेत' असे लिहावे. अर्थ तोच राहतो आणि एकही शब्द वाया जात नाही.

मुलीला एवढे सांगावे की, उदाहरणात नुसता आकडा मिळाला तर 'चाल' लिहावे, आकड्याबरोबर दिशा दिली असेल किंवा विस्थापनावरून उत्तर काढले असेल तर 'वेग' लिहून दिशाही नमूद करावी, आणि एकक दोन्हींचे तेच, मीटर प्रति सेकंद.