पाच कोंबड्यांमध्ये कोंबडा आणावा का?

तुमचा प्रश्न वाचला. घणसोली गावठाणात बैठं घर, मागे दहा बाय बारा फुटांचं परसू, पाच गावठी कोंबड्या. श्रावण संपल्यापासून अंडी निम्म्यावर आलीत, आणि शेजारच्या आजी म्हणतात की कोंबडा नाही म्हणून असं होतंय. मी ऐरोलीच्या दिवा गावातली. आमच्याकडे सासूबाईंच्या काळापासून कोंबड्या आहेत. चार वर्षांपूर्वी मी हाच विचार करून कोंबडा आणला होता, तेव्हा अनुभवाचं सांगते.

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, सहाएक महिन्यांची झाली की अंड्यावर येतेच, कोंबडा असो वा नसो. एक अंडं पोटात तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले वीसेक तास कवच चढण्यातच जातात. कोंबडा असेल तर तेच अंडं फळतं, म्हणजे उबवलं तर त्यातून पिल्लू निघू शकतं, एवढाच फरक. चवीला आणि सत्त्वाला दोन्ही सारखीच. बलकावर कधी रक्ताचा ठिपका दिसतो, तोही कोंबड्यामुळे नसतो. आतली बारीक शीर फुटलेली असते. फळलेलं अंडं ओळखायचं तर बशीत फोडून बलकावरचा पांढरा ठिपका बघा. न फळलेल्या अंड्यात तो नुसता वेडावाकडा ठिपका असतो, फळलेल्यात त्याभोवती बांगडीसारखं कडं दिसतं.

मग अंडी का घटली? दिवस लहान व्हायला लागले की कोंबड्यांची पिसं झडतात. खुराड्यात पिसं पडलेली दिसत असतील आणि माना विरळ झाल्या असतील तर हेच कारण. नवी पिसं येईपर्यंत, म्हणजे दोन-तीन महिने, अंडी कमीच राहणार. त्यांना फक्त कणी आणि उरलेला भात देऊ नका, थोडी सुकट कुटून घाला. आमच्याकडे तिसऱ्यांच्या शिंपल्या फेकत नाहीत. धुऊन, चुलीवर भाजून, खलबत्त्यात जाड रव्याएवढ्या कुटायच्या आणि वेगळ्या वाटीत ठेवायच्या. ज्या कोंबडीला कवचासाठी गरज आहे ती आपणहून टिपते. दाण्यात मिसळायच्या नाहीत. एखादी कोंबडी दिवसभर पेटीतून उठत नसेल, हात घातला की फुगून गुरगुरत असेल, तर ती खुडूक झाली आहे, म्हणजे अंडी उबवायला बसली आहे. तीही अंडी बंद करते. यातल्या एकाही गोष्टीवर कोंबडा हा उपाय नाही.

तरी कोंबडा असण्याचं सुख काय ते मी बघितलंय, ते लपवणार नाही. आमचा कोंबडा तांबडा, काळ्या शेपटीचा, माहेरहून आणलेला. त्याला गांडूळ सापडलं की तो स्वतः खायचा नाही. चोचीत उचलायचा, खाली टाकायचा, पुन्हा उचलायचा आणि घशातल्या घशात ‘कुक् कुक् कुक्’ करत राहायचा. कोंबड्या धावत यायच्या, त्यांनी खाल्लं की मग त्याची मान सरळ. आमच्या मागे खाडी आणि तिवरं, तिथून मुंगूस येतं, वर घारी असतात. घार दिसली की तो एकच बारीक लांब शीळ घातल्यासारखा आवाज काढायचा, आणि चारही कोंबड्या अळवाच्या पानांखाली दगडासारख्या बसायच्या. मुंगूस आलं की आवाज निराळा, जोरजोरात कोकलणं, आणि कोंबड्या पळायच्या नाहीत, माना वर करून बघत उभ्या राहायच्या. आवाजावरून मीही स्वयंपाकघरातून ओळखायला शिकले, की आता वर बघायचं की कुंपणाकडे.

पण माझ्याकडे कोंबड्या चारच होत्या, आणि तिथेच मी चुकले. एका कोंबड्याला आठ-दहा कोंबड्या हव्यात. कमी असल्या की तो त्याच त्याच कोंबडीवर दिवसातून अनेकदा चढतो. माझी चंदी नावाची कोंबडी सगळ्यात शांत, ती पळायची नाही. दीड महिन्यात तिच्या पाठीवरची पिसं गेली, लाल कातडी उघडी पडली. एका सकाळी उचलून घेतली तर पंखाखाली त्याच्या नखाने बोटभर लांब फाटलेलं. मी मिठाच्या कोमट पाण्याने धुतलं, हळद लावली, डालग्याखाली वेगळी ठेवली. वाचली, पण त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण महिनाभर मी ते पिसं झडणंच समजत होते. तुमच्या पाचांवर कोंबडा आणलात तर हेच होण्याची भीती मला आहे.

दुसरं आरवण्याचं. तो उजाडल्यावर आरवतो, ही आपली समजूत. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की कोंबड्याच्या शरीरातच घड्याळ असतं आणि तो उजेडाच्या बराच आधी सुरू होतो. आमचा पावणेचारला सुरू व्हायचा. गल्लीतला दिवा लागला, एखादी रिक्षा आली, तरी पुन्हा. गावठाणात घराला घर लागून, तुम्हाला वेगळं सांगायला नको. समोरच्या घरातली मुलगी रात्रपाळी करून तीनला घरी यायची. ती भांडली नाही. एका संध्याकाळी दारात येऊन हळूच म्हणाली, ‘काकी, दोन महिने झाले, मला झोप नाही.’ ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, राहत्या वस्तीत रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि कोंबडा जवळून ९० डेसिबलच्या आसपास जातो. पण मला नियम आठवलाच नाही, तिचे डोळे बघूनच मी ठरवलं. रात्री त्याला अंधाऱ्या खोक्यात ठेवून बघितलं होतं. आवाज थोडा दबतो, पण आपल्याकडच्या दमटपणात तो आत धापा टाकतो. मानेला आवळपट्टी बांधतात म्हणे, ते तर करूच नका. शेवटी भावाकडे, भिवंडी तालुक्यात, मोकळ्या वाडीवर पाठवला. तिथे बारा कोंबड्या आहेत.

म्हणून तुमच्या घरी, पाच कोंबड्या आणि एवढ्या जागेत, मी कोंबडा आणू नका असंच म्हणेन. कोंबड्या आठ-दहा झाल्या, मागे मोकळी जागा मिळाली आणि आजूबाजूच्या चार घरांनी तोंडावर ‘चालेल’ म्हटलं, तर विचार करा. घरात लहान मूल असेल तर तेव्हाही जपून. पायाचा काटा वाढलेला कोंबडा मुलाच्या तोंडाच्या उंचीवर उडी मारतो. आणलाच तर आधी तीन आठवडे वेगळा ठेवा आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस झाली आहे का ते विचारा. २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात, शहापूरच्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला होता. बाहेरचा पक्षी थेट खुराड्यात सोडायची सवय तेव्हापासून मी मोडली.

पिल्लं हवी असतील तर त्यालाही कोंबडा नको. तुमची कोंबडी खुडूक होईल तेव्हा कोंबडा असलेल्या घरातून आठवड्याच्या आतली दहा-बारा अंडी आणा, फ्रिजमधली नकोत. मी भावाकडून भाताच्या तुसात घालून आणते, एक दिवस तशीच स्थिर ठेवते आणि मग रात्री, अंधारात, तिच्याखाली सरकवते. दिवसा ठेवली तर ती बिथरते. २१ दिवस. एकच गोष्ट आधी ठरवून ठेवा: पिल्लांत साधारण निम्मे कोंबडे निघतात. चार महिन्यांनी ते आरवायला लागतील, तेव्हा कोणाकडे द्यायचे ते आजच घरात बोलून घ्या. मी भावाशी आधीच बोलून ठेवलं होतं, गेल्या खेपेला नऊतले पाच त्याच्याकडे गेले.

सातव्या रात्री मोबाईलचा टॉर्च अंड्याच्या रुंद टोकाला लावून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडं धरलंय. नुसतं पिवळं, स्वच्छ दिसलं तर काढून टाका, नाहीतर उन्हाळ्यात ते सडून फुटतं आणि बाकीची खराब करतं. आणि तेवढ्यात कोंबडी दाणा खायला उठली तर घाबरू नका, पंधरा-वीस मिनिटांत ती आपणहून परत बसते.