पास्त्याचे पाणी ओतून देण्यापूर्वी

प्रश्न : आमच्याकडे महिन्यातून दोन-तीनदा पास्ता होतो. मी मैदा, दूध आणि चीज यांचा पांढरा सॉस करून त्यात उकडलेला पास्ता घालते. पण ताटात वाढेपर्यंत त्याचा गोळा होतो आणि खाल्ल्यावर जड वाटते. इटालियन घरांत असाच पास्ता करतात का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : असा करत नाहीत. मैदा-दुधाचा पांढरा सॉस इटलीतही आहे, त्याला तिथे ‘बेशामेला’ म्हणतात. पण त्याची मुख्य जागा लझान्यासारख्या भट्टीत भाजण्याच्या पदार्थांत. उकडलेल्या पास्त्यात तो कालवला की निवताना मैदा घट्ट होत जातो, पास्ताही उरलेले पाणी शोषत राहतो आणि आपण म्हणता तसा गोळा होतो. इटालियन घरांत सॉस मिळून येण्यासाठी बहुतेक वेळा एकच गोष्ट वापरतात, ती म्हणजे पास्ता उकळलेले पिठूळ पाणी, आणि आपल्याकडे नेमके तेच मोरीत ओतून दिले जाते.

माझी विनंती आहे, की सुरुवात ‘आल्यो ए ओल्यो’ने करावी. नावाचा अर्थ ‘लसूण आणि तेल’ एवढाच आहे आणि नेपल्सकडच्या या पदार्थात सुक्या मिरचीखेरीज फारसे काही पडतही नाही. दोघांसाठी २०० ग्रॅम स्पगेटी, २ लिटर पाणी आणि २० ग्रॅम मीठ घ्यावे. मीठ जास्त वाटेल, परंतु त्यातले बरेचसे पाण्यातच राहते आणि पास्ता आतून खारवण्याची संधी पुन्हा मिळत नाही. पाण्यात तेल घालण्याची गरज नाही. पहिली दोन मिनिटे ढवळत राहिले, तर पास्ता चिकटत नाही.

दुसरीकडे मोठ्या कढईत चार मोठे चमचे ऑलिव्ह तेल घेऊन ते गार असतानाच चार पाकळ्या लसणाचे पातळ काप त्यात सोडावेत आणि आच अगदी मंद ठेवावी. आपल्या फोडणीच्या सवयीने हात इथेच चुकतो. लसूण तांबूस होऊ द्यायचा नाही. कापांच्या कडा फिक्या सोनेरी दिसू लागल्या, की मिरचीचे तुकडे टाकून लगेच गॅस बंद करावा, कारण त्यापुढे कडवटपणा येतो आणि तो कशानेही झाकला जात नाही.

पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधी एक स्पगेटी काढून दातांनी तोडून पाहावी. मध्यभागी रव्याच्या कणाएवढा पांढरा ठिपका दिसला, तर ती कढईत घालण्याजोगी झाली. वाटीभर पाणी बाजूला काढून स्पगेटी निथळावी, नळाखाली मात्र मुळीच धुऊ नये. ती कढईत टाकून अर्धी वाटी पाणी घालावे आणि मोठ्या आचेवर सतत हलवत राहावे. मिनिटभरात स्वच्छ तेल आणि पाणी एकजीव होऊन दुधट होते व प्रत्येक शेवेला लागून बसते. हा क्षण एकदा डोळ्यांनी पाहिला, की पांढऱ्या सॉसची आठवण राहत नाही, असा माझा अनुभव आहे.

पास्ता घेताना तो ड्यूरम या कडक दाण्याच्या गव्हाच्या रव्याचा आहे, हे पाहावे. इटलीत सुका पास्ता याच गव्हाचा असावा, असे १९६७च्या कायद्याने ठरवले आहे. आपला बन्सी गहूही ड्यूरमच. त्याचा रवा ज्यांनी हाताळला आहे, त्यांना हा कडकपणा ओळखीचा वाटेल.

पाण्याची ही युक्ती हाती आली, की रोमचे ‘काचो ए पेपे’, म्हणजे मेंढीच्या दुधाचे चीज आणि भरड मिरी यांचा पास्ता, तेवढ्याच वेळात करता येतो. चीज घालताना कढई आचेवरून उतरवावी, नाहीतर त्याच्या गुठळ्या होतात. रोमच्याच ‘कार्बोनारा’ या पास्त्यालाही हाच नियम लागू आहे; त्याचा मऊपणा अंडी आणि चीज यांतून येतो, साय किंवा क्रीम त्यात घालत नाहीत.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. पार्मेझान चीज चालते का? – एक वाचक, सांगली

उत्तर : इटलीतले अस्सल ‘पार्मिजानो रेज्जानो’ वासराच्या जठरातील विरजणानेच बनवतात आणि ते त्याच्या नियमावलीतच नमूद आहे, म्हणून ते शाकाहारी नाही. वर सांगितलेल्या मेंढीच्या चीजसाठी, म्हणजे ‘पेकोरिनो रोमानो’साठी, कोकराच्या जठरातील विरजण वापरतात. आपल्याकडे हिरव्या ठिपक्याची कडक चीजे मिळतात, ती घ्यावीत. दक्षिण इटलीत चीज न परवडणाऱ्या घरांत शिळ्या पावाचा चुरा तेलात खमंग परतून पास्त्यावर भुरभुरवत. आल्यो ए ओल्योवर तो फार छान लागतो आणि मला तर चीजपेक्षाही आवडतो.

प्रश्न : रिसोतो बासमतीचा केला, तर मोकळा भात झाला. दुसऱ्यांदा आंबेमोहर घेतला, तर खिचडी झाली. काय चुकते? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आपली चूक नाही. रिसोतो म्हणजे इटलीतला सरसरीत, मिळून आलेला भात आणि त्याला तांदूळ वेगळा हवा. रिसोतोचा दाणा बाहेरून पिठूळपणा सोडतो आणि आतून तग धरतो. बासमती पिठूळपणा सोडत नाही. आंबेमोहर सोडतो, पण आतूनही लवकर विरघळतो. इटलीच्या उत्तरेकडील पो नदीच्या खोऱ्यात पिकणारे आर्बोरिओ आणि कार्नारोली हे त्यासाठीचे तांदूळ. त्यांपैकी आर्बोरिओ आपल्या मोठ्या शहरांत मिळतो. तो धुवायचा नाही.

मिलानचा केशरी रिसोतो चौघांसाठी करताना ३०० ग्रॅम तांदूळ घ्यावा. लोण्यात बारीक चिरलेला कांदा परतावा. आपण नेहमी सांगतो तसा गुलाबी नव्हे, तर नुसता पारदर्शक होईपर्यंत. त्यावर तांदूळ टाकून दाणा हाताला चटका देईल इतका गरम होईपर्यंत परतावा. मग सव्वा लिटरभर उकळता भाजीचा स्टॉक शेजारच्या शेगडीवर ठेवून पळी-पळीने घालत जावा. गार स्टॉक घातला, तर शिजणे मध्येच थांबते. साधारण १८ मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ शेगडीजवळून हलता येत नाही. केशर गरम स्टॉकमध्ये भिजवून शेवटच्या पाच मिनिटांत घालावे. पारंपरिक कृतीत बैलाच्या हाडातील मगजही असतो, पण नुसत्या लोण्यावरही चव उत्तम येते.

गॅस बंद केल्यावर थंड लोण्याचे तुकडे आणि किसलेले चीज घालून जोराने घोटावे. ताटली तिरकी केली असता रिसोतो लाटेसारखा सावकाश सरकला पाहिजे. ढीग होऊन उभा राहिला, तर आणखी पळीभर स्टॉक घालावा. उरला, तर मिलानमध्ये करतात तसा दुसऱ्या दिवशी लोण्यावर तव्यात पातळ थापून दोन्ही बाजूंनी कुरकुरीत भाजावा.