गाईड काहीच बोलत नाहीत, म्हणजे ते नाराज आहेत का?

‘सरांना दोनदा मेसेज केला. निळी खूण दिसते, पण उत्तर नाही. आता तिसऱ्यांदा करू की नको?’ पीएच.डी. करणारे विद्यार्थी माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा बोलणं बहुतेक वेळा अशाच कुठल्या तरी प्रश्नापासून सुरू होतं. विषय अवघड आहे म्हणून आलेले फार थोडे असतात. गाईडच्या मनात आपल्याबद्दल काय आहे, हे कळत नाही म्हणून आलेले जास्त.

समाजशास्त्राची एक विद्यार्थिनी अशीच आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) 2023च्या अखेरीस प्रवेश, कोर्सवर्क (सुरुवातीचा अभ्यासक्रम) पूर्ण, विषय मंजूर: बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांमधल्या मुलींचं शिक्षण. तिनं पहिल्या प्रकरणाची 90 पानं सरांना पाठवली होती, आणि दोन महिने काहीच उत्तर आलं नव्हतं. तिची झोप उडाली होती. विभागाच्या इमारतीत शिरताना छातीत धडधडायचं. घरी प्रत्येक सणाला कुणीतरी विचारायचंच, ‘अजून किती वर्षं?’ तिचा निष्कर्ष ठरलेला होता: आपलं लिखाण इतकं वाईट आहे की सरांना त्यावर बोलायचीही इच्छा नाही.

मी तिला कागदाचे दोन भाग करायला सांगितले. डावीकडे जे घडलं ते, उजवीकडे त्यावरून तिनं जे धरून चाललं ते. डावीकडे तीनच ओळी आल्या: पानं पाठवली, उत्तर आलं नाही, जिन्यात भेटले तेव्हा ‘बघतो’ म्हणाले. उजवी बाजू मात्र भरून मागच्या पानावर गेली. ते पाहून ती स्वतःच जरा थबकली. मग मी विचारलं, ‘प्रवेश घेतला तेव्हा सरांशी काय ठरलं होतं? किती दिवसांनी भेटायचं, एका वेळी किती पानं द्यायची, ती वाचायला त्यांना किती दिवस लागतील?’

‘असं सरांना कसं विचारायचं, मॅडम?’

खरी अडचण इथे होती. गुरूपुढे गप्प राहणं म्हणजे आदर, हे आपल्याकडे इतकं मुरलेलं आहे की वेळ मागणंसुद्धा उद्धटपणा वाटतो. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. गाईडचं मार्गदर्शन हा विद्यापीठानं नेमून दिलेल्या कामाचा भाग आहे, आणि त्यासाठी वेळ मागणं हा विद्यार्थ्याच्या कामाचा. दुसरी बाजूही आहे. प्राध्यापक एका वेळी 8 विद्यार्थी घेऊ शकतात, सहयोगी प्राध्यापक 6, सहायक प्राध्यापक 4. त्यात विभागातल्या जागा रिकाम्या, पेपर तपासणी, नॅकच्या (महाविद्यालयं-विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायली. अशा माणसाच्या हातात 90 पानं दिली आणि त्यातलं नेमकं काय बघायचं हे सांगितलंच नाही, तर ती बाजूला पडणारच.

सरांच्या मनाचा विचार थोडा बाजूला ठेवून आम्ही कॅलेंडर काढलं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 6 वर्षं. पुनर्नोंदणी करून आणखी 2 मिळू शकतात, स्त्रियांना त्यापुढेही 2 वर्षांची सवलत आहे. ऐकायला भरपूर वाटतं. पण संशोधनासाठी दरमहा मिळणारी फेलोशिप, जेआरएफ (तिचा सुरुवातीचा, कनिष्ठ टप्पा) धरून, 5 वर्षांत संपते. शिवाय तिच्या विषयाचं स्वतःचं एक वेळापत्रक होतं. मुकादमाकडून (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलला परततात. कोण मुलगी आईबरोबर फडावर जाते, कोण आजीपाशी गावात राहते, शाळेच्या हजेरीत काय दिसतं, हे त्याच महिन्यांत बघायला हवं. सप्टेंबरपर्यंत प्रश्नावली मंजूर झाली नाही, तर हंगाम हातचा जाणार, म्हणजे अख्खं वर्ष.

हे कागदावर आलं आणि तिची भीती नीट आकारात आली. ‘सर नाराज आहेत का’ याला तिच्याकडे काही उपाय नव्हता. ‘सप्टेंबरआधी प्रश्नावलीला मंजुरी हवी’ याला होता.

बोलण्याचा सराव आम्ही माझ्याच खोलीत केला. तिचं पहिलं वाक्य असायचं, ‘सॉरी सर, तुम्ही खूप बिझी असता, पण...’ ही माफी काढायलाच वेळ लागला. शेवटी मेसेज असा झाला: ‘सर, गळीत हंगाम सुरू होण्याआधी प्रश्नावली पक्की करायची आहे. सोबत 6 पानं आणि माझे तीन प्रश्न पाठवत आहे. पुढच्या आठवड्यात अर्धा तास मिळेल का? मंगळवार किंवा गुरुवार, आपल्या सोयीनं.’

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. भेटीत सर म्हणाले, ‘मला वाटलं, तू कामात आहेस. अडलं की येशील.’ त्यांच्या गाईडनी त्यांना असंच मोकळं सोडलं होतं आणि त्यांना तो विश्वास वाटला होता. ती पायरीपायरीनं सूचना मिळण्याची वाट बघत होती. दोघांनीही आपली अपेक्षा कधी तोंडानं सांगितली नव्हती. त्या दिवशी ठरलं: महिन्यातून एक भेट, एका वेळी दहाच्या आत पानं, वाचायला पंधरा दिवस, त्यानंतर तिनं बिनधास्त आठवण करायची. भेटीनंतर ‘सर, आज ठरलं ते असं’ एवढा चार ओळींचा ईमेल ती करते. सर अजूनही कधी कधी उशीर करतात. पण हंगामात ती फडावर होती, आणि आता झोपही बरी लागते.

प्रवेश नुकताच घेतला असेल, तर हे सगळं पहिल्या महिन्यातच बोलून घ्या. शोधनिबंधाचंही विचारा. यूजीसीनं 2022मध्ये निबंध छापण्याची सक्ती काढली, तरी तुमच्या विद्यापीठाची किंवा गाईडची अट असू शकते. निबंधावर नावं कुणाची आणि कोणत्या क्रमानं, हेही लिहिण्याआधीच ठरलेलं बरं. गाईडच्या निवृत्तीला किती वर्षं उरली आहेत, हे विचारायला लाजू नका.

सगळेच गाईड एका मेसेजनं बोलते होतात असं नाही. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. तिथे अडलेलं काम तारखांसह मांडा, त्या वेळी भेटींनंतर केलेले ईमेल उपयोगी पडतात. तरीही काही हललं नाही, तर विभागप्रमुखांशी बोलून गाईड बदलण्याचा अर्ज करता येतो का ते पाहा. घरची कामं, पैशांची मागणी किंवा नको ती जवळीक असेल, तर तिथे अपेक्षा जुळवत बसू नका. पैशांची आणि कामांची तक्रार लेखी स्वरूपात विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीकडे आणि लैंगिक छळाची अंतर्गत तक्रार समितीकडे करा. जाताना विश्वासातलं एक माणूस सोबत न्या.