कॉट बेसिसच्या खोल्या मोडून फ्लॅट करायचे, पण घर कोणाचं?

प्रश्न: पुण्यात कर्वेनगरला वडिलांनी १९८८ साली स्वतःच्या पैशांनी बांधलेला बंगला आहे. वरच्या सहा खोल्यांत १२ मुलं कॉट बेसिसवर, म्हणजे खाटेमागे भाडं देऊन राहतात, प्रत्येकी महिना ४,५०० रुपये. तिथे तीन वन बीएचके करून कुटुंबांना द्यायचे आहेत. खर्च ३० लाख, कर्ज ९ टक्क्यांनी १५ वर्षांचं. तिन्ही फ्लॅटचं मिळून महिना भाडं ५४,००० येईल, हप्ता ३०,५००. बँक १.६ लाख एकरकमी हप्त्याचा विमा कर्जातच घालून देते आहे. वडील मृत्युपत्र न करता गेले. आई आहे, दोघी बहिणींची लग्नं झाली. कर्ज घेऊ का?

उत्तर: आत्ता नाही. बहिणींचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलात, पण खरा प्रश्न तोच आहे. मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात आई, तुम्ही आणि दोघी बहिणी यांचा सारखा वाटा असतो. आजी, म्हणजे वडिलांची आई, हयात असतील तर त्यांचाही. म्हणजे घर तुमचं फार तर चार आणे. लग्नाने मुलीचा हक्क जात नाही, आणि करपावतीवर किंवा मिळकत पत्रिकेवर नाव लागलं म्हणून मालकी येत नाही. ३० लाखांचं कर्ज मात्र सोळा आणे तुमच्या डोक्यावर.

आधी चौघं एकत्र बसा. बहिणी खुशीने वाटा सोडणार असतील तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. नुसतं नोटरी केलेलं चालत नाही. नसतील सोडणार, तर कोण किती खर्च घालणार आणि भाडं कसं वाटायचं, याचा लेखी करार करा. आईचा वाटा आईकडेच राहू द्या. म्हातारपणी तिला तोच आधार आहे.

आता हिशोब. तुम्ही ५४,००० मधून हप्ता वजा केलात, पण आजही पैसे येतातच. सुट्ट्या धरून वर्षाचे साडेनऊ महिने भाडं धरलं तर ५.१ लाख, वीज, पाणी, वायफाय, साफसफाई, दुरुस्ती यांचे दीड लाख गेले की उरतात ३.६. फ्लॅटचे अकरा महिन्यांचे सहा लाख, खर्च जाऊन ५.३. वाढ १.७ लाख, म्हणजे महिना १४,०००. हप्ता त्याच्या दुपटीहून जास्त! शिवाय कामाचे सहा महिने भाडं बंद, आणि १२ मुलांची अनामत परत द्यायची ती वेगळीच.

त्यापेक्षा दोनच टू बीएचके करा. नवी स्वयंपाकघरं आणि संडास आताच्या ड्रेनेज पाइपाला लागून ठेवलेत तर स्लॅब फोडावा लागत नाही, आणि खर्च १२ लाखांच्या आसपास बसवता येतो. लांब नेलेत की पाइपाला उतार मिळत नाही, लाइन तुंबते, खालच्या छताला ओल येते. फरशी बसवण्याआधी न्हाणी-संडासाच्या जागेत पाणी दोन-तीन दिवस साठवून गळती बघा. नऊ इंची भिंत स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाडू नका, महापालिकेची परवानगी आधी घ्या. वीजमीटर दोन वेगळे हवेत. एकाच मीटरवर युनिट वाढली की वरच्या टप्प्याचा दर लागतो. दोन्ही फ्लॅट २५,००० ला गेले तर वाढ १.३ लाख आणि हप्ता वर्षाला १.४६ लाख. इतकी तूट पगारातून सोसवते.

तो एकरकमी विमा कर्जातून काढायला सांगा. त्यावर १५ वर्षं व्याज भराल. तो घेतल्याशिवाय कर्ज नाही, असं कोणी म्हणालं तर लेखी मागा. कर्जाएवढा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, वेगळा घ्या, दरवर्षी हप्ता भरून.