देव सगळ्यांना एकदम प्रत्यक्ष दर्शन का देत नाही?

देव असेल तर एकदा सगळ्यांसमोर येऊन उभा राहू दे, म्हणजे वाद कायमचा मिटेल, असं तुम्ही तुमच्या प्रश्नात म्हणता. नाही मिटणार. शिष्टाईला आलेल्या कृष्णाला बांधून ठेवायचा बेत दुर्योधनाने केला, तेव्हा कृष्णाने भर सभेत विश्वरूप दाखवलं. भीष्म, द्रोण, विदुर, संजय आणि ऋषी सोडले तर बाकीच्या राजांनी भीतीने डोळे मिटून घेतले. युद्ध व्हायचं ते झालंच. पुढे अर्जुनाला दिव्यदृष्टी देऊन विश्वरूप दाखवलं, तर तोही थरथरत म्हणाला, तुझं नेहमीचं रूपच परत दाखव.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या प्रश्नातल्या दुसऱ्या ओळीमुळे: "की तो फक्त पात्र माणसांनाच दिसतो?" हे मी आमच्या ओसरीवर ऐकलेलं आहे.

माझ्या धाकट्या भावाला फिट यायच्या. तालुक्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या सुरू होत्या, फिट कमी झाल्या होत्या, थांबल्या नव्हत्या. माझा थोरला मामा एका महाराजांच्या बैठकीला जायचा. त्यांना म्हणे पहाटे दत्तगुरू प्रत्यक्ष दिसायचे, बोलायचे. मामा त्यांना घरी घेऊन आला. महाराजांनी भावाच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, गोळ्या बंद करा, गुरुचरित्राचं पारायण लावा, दत्तगुरूंनी आज पहाटेच तसं सांगितलंय.

आई माळकरी, शाळा सातवीपर्यंतची. तिने पदर सावरून विचारलं, "महाराज, पोरगं माझं आहे. मग देवाने मला का नाही सांगितलं?"

महाराज हसले. "तेवढा तुमचा अधिकार नाही, माउली. श्रद्धा अजून कच्ची आहे."

कच्ची म्हटल्याबरोबर आईने नामदेव काढले. लहानग्या नामदेवाच्या हातचा नैवेद्य विठ्ठल स्वतः जेवला, देव त्यांच्याशी बोलायचा. तरी गोरोबाकाका कुंभारांनी मडकी ठोकायचं थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली तेव्हा कच्चं मडकं नामदेवच निघाले. रडत पांडुरंगाकडे गेले तर त्यानेही गुरू करायला विसोबा खेचरांकडे धाडलं. "देव ज्यांच्या हातचं जेवला ते कच्चे निघाले," आई म्हणाली, "मग मला दिसत नाही म्हणून मला कशाला बोल लावता? गोळ्या बंद होणार नाहीत."

महाराज चहा न घेता उठले. मामा दारातून ओरडला, बाईमाणसाने महाराजांना शिकवू नये. त्यानंतर कैक वर्षं भाऊबीजेला आला नाही. आईने ओवाळणीचं ताट तरी दर वर्षी तयार ठेवलं.

म्हणून सांगतो, "पात्र माणसांनाच दिसतो" हे वाक्य देवाने केलेलं नाही, दाराशी बसलेल्यांनी केलेलं आहे. पंढरपूरला बघा. चोखोबांची समाधी महाद्वारापाशी, नामदेव पायरीजवळ आहे, कारण जिवंतपणी त्यांना अस्पृश्य म्हणून आत घेतलं नव्हतं. आत रोज देवाच्या पायाशी उभं राहणाऱ्यांना शतकानुशतकं त्यात काही वावगं वाटलं नाही. दार उघडायला १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. इतक्या जवळून देव बघून त्या आतल्या माणसांच्यात काय फरक पडला होता?

देव उद्या सगळ्यांसमोर आला तर परवा भांडण लागेल की त्याने आधी कुणाकडे पाहिलं. आपल्याकडे पालखीतल्या मानावरून काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

तो का येत नाही, याचं उत्तर मी दिलेलं नाही हे कळतंय मला. देव आहेच हेही मी सिद्ध करू शकत नाही. आणि ज्यांना खरंच अनुभव येतो त्यांना मी खोटं म्हणत नाही. तुकोबांना आला असं मी मानतो. पण तुकोबांनी त्या अनुभवाच्या जोरावर कुणाचं औषध थांबवलं नाही.

तुम्हाला कुणी म्हणालं की देवाने मला तुमच्याबद्दल सांगितलंय, तर आईचाच प्रश्न विचारा. खरा माणूस असेल तर रागावणार नाही.

भाऊ आज किराणा दुकान चालवतो, गोळी अजून घेतो. मामा आता येतो-जातो, पण चार माणसांत म्हणतो की भाचा महाराजांच्या कृपेने बरा झाला. मामा, तुला कुणी हे वाचून दाखवलं तर ऐक: चिठ्ठी डॉक्टरांनी लिहिली होती आणि गोळ्यांचे पैसे आईने शेळ्या विकून भरले होते. कृपेचं नाव घ्यायचंच असेल तर तिचं घे.