क्लबकडे दोन लाख मागण्याआधी महिन्याचा एक रविवार मागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वेंगुर्ल्याजवळच्या गावात मे महिन्यात, चाकरमानी आलेले असताना, मंडळाला फुटबॉल स्पर्धा भरवायची आहे. आयएसएलमधला (इंडियन सुपर लीग, देशातली व्यावसायिक फुटबॉल स्पर्धा) एखादा खेळाडू प्रमुख पाहुणा म्हणून हवा आहे आणि त्याच्या क्लबने जिल्हा परिषद शाळेच्या पाण्याच्या टाकीसाठी दोन लाख द्यावेत, असं पत्र तुम्ही लिहिताय. हेतू उत्तम आहे. पण हे पत्र असंच पाठवलंत तर उत्तर येणार नाही, असं मला वाटतं.

पैशाचं आधी सांगतो. कंपनी कायदा २०१३ नुसार ज्या कंपनीचा निव्वळ नफा वर्षाला ५ कोटी किंवा जास्त आहे (किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा नक्त मालमत्ता ५०० कोटी), तिला सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामाला द्यावे लागतात. आपले बहुतेक फुटबॉल क्लब तोट्यात चालतात, त्यामुळे तिथे हा मार्ग जवळपास बंदच. पिण्याचं पाणी आणि ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण, दोन्ही कायद्याच्या यादीत बसतात, म्हणून टाकीसाठी नफ्यातल्या कंपनीकडे जा. पण पैसे मंडळाच्या खात्यावर येणार नाहीत. आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी, आणि कंपन्यांचा असा सामाजिक निधी (सीएसआर) घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी असलेली संस्था मध्ये लागते. तालुक्यातली एखादी जुनी शिक्षण संस्था शोधा.

आता क्लब आणि खेळाडू काय देऊ शकतात ते. इतकी वर्षं मुलांना शिकवताना या गोष्टी मी लक्ष देऊन पाहत आलोय. जिथे काम टिकलं, तिथे ते जवळच्या एका ठरावीक दुखण्याला धरून उभं राहिलं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा सेल्टिक फुटबॉल क्लब १८८७ मध्ये स्थापन झाला तो शहराच्या पूर्व भागातल्या गरीब मुलांच्या जेवणासाठी पैसे उभे करायला. त्यामागे आयर्लंडहून पोटासाठी आलेली माणसं होती. गिरणगावात राहून गावच्या शाळेसाठी वर्गणी काढणाऱ्या आपल्या मुंबईकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. इंग्लंडचा फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्डने २०२० मध्ये, सुट्टीतही गरीब मुलांना मोफत जेवण मिळावं म्हणून, खासदारांना उघडं पत्र लिहिलं, कारण तो स्वतः शाळेतल्या मोफत जेवणावर वाढला होता. दुसऱ्याच दिवशी ब्रिटिश सरकारने निर्णय फिरवला आणि इंग्लंडमधल्या सुमारे १३ लाख मुलांची सुट्टीतल्या जेवणाची सोय झाली. त्याचं म्हणणं लोकांना पटलं, कारण त्या भुकेतून तो स्वतः गेला होता.

मुंबईत कफ परेडच्या आंबेडकर नगरात अशोक राठोड यांनी फुटबॉलमधून मुलांना शाळेत टिकवणारं ऑस्कर फाउंडेशन उभं केलं. मुलं शाळा सोडून ससून डॉकवर मासळीच्या कामाला लागत होती, म्हणून त्यांनी नियम केला: शाळा नाही, तर फुटबॉल नाही. स्पेनचा फुटबॉलपटू हुआन माता २०१७ मध्ये तिथल्या मुलांना भेटून गेला. त्याच वर्षी त्याने 'कॉमन गोल' सुरू केलं, ज्यात खेळाडू पगाराचा किमान एक टक्का फुटबॉलमधून होणाऱ्या सामाजिक कामाला देतात. आपल्या बंदरावरच्या पोरांना हा नियम जसाच्या तसा लागू पडतो. तुमच्या संघात घ्यायच्या मुलांची शाळेतली हजेरी बघा, एवढं जरी केलंत तरी बरंच झालं.

आमच्या भागात गोव्याचा एक माजी खेळाडू आला होता तेव्हाची गोष्ट सांगतो. मैदान कातळावरचं, वर जांभ्याचे खडे. आम्ही शाल-श्रीफळ घेऊन उभे. त्याने मुलांना पावलं दाखवायला सांगितली. निम्म्यांचे तळवे सोललेले. 'आदीं फातर वेंचया, मागीर बॉल' (आधी दगड वेचूया, मग बॉल), असं म्हणून तो स्वतः वाकला. मुलं ओळीत उभी राहिली, गोलपासून गोलपर्यंत खडे वेचत गेली, आणि घमेली भरभरून कडेला ओतली गेली. त्या सकाळी बॉलला पाय लागला तो अर्धा तासच. पण पावसाळा सोडला तर तो दर महिन्याला येत राहिला. फ्लेक्सवर फोटो लावून गेलेले पाहुणे मुलांना आठवत नाहीत, हा माणूस आठवतो. मुलींच्या आयांनी मुलींना मैदानावर पाठवायला सुरुवात केली, तीही तो पुन्हा पुन्हा येतोय हे बघूनच.

म्हणून पत्रात हेच मागा: महिन्याचा एक रविवार, एक प्रशिक्षक, आणि आमच्या दोन शिक्षकांना शिकवणं. एफसी गोवा या आयएसएल क्लबच्या फोर्सा गोवा फाउंडेशनने गोव्यात लहान मुलांमध्ये असं काम केलंय, आणि वेंगुर्ल्याला मुंबईपेक्षा गोवा कितीतरी जवळ. जाण्यायेण्याचा खर्च आणि जेवण मंडळाने करावं, हेही पत्रात स्पष्ट लिहा. मैदानाचा फोटो जोडा, आहे तसा, खड्यांसकट. खेळाडू स्पर्धेला आला तर आनंदच, पण पत्राची सुरुवात त्याने करू नका.

टाकीसाठी जर्मनीतली एक युक्ती उचलण्यासारखी आहे. हॅम्बुर्गच्या सांक्ट पाउली फुटबॉल क्लबचा खेळाडू बेन्यामिन आद्रियोन २००५ मध्ये क्युबातल्या सराव शिबिरानंतर पिण्याच्या पाण्याच्या कामाला लागला आणि त्यातून 'विवा कोन आग्वा' ही संस्था झाली. सामन्याला आलेले लोक पेल्याची अनामत रक्कम परत न घेता पेला संस्थेच्या पिंपात टाकतात, आणि ती रक्कम संस्थेला मिळते. तुम्ही कोकम सरबत स्टीलच्या पेल्यात द्या, दहा रुपये अनामत ठेवा आणि पिंपावर 'शाळेची टाकी' असं लिहा. प्लास्टिकही वाचेल. पण मंडळ नोंदणीकृत नसेल तर आधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्या, गणपतीच्या वर्गणीला घेतात तशी. आणि जमाखर्च स्पर्धेनंतर आठवड्याभरात ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, पावत्यांसकट. पुढच्या वर्षी क्लबला किंवा कंपनीला पत्र लिहाल, तेव्हा त्याच कागदाची प्रत सोबत जोडायची आहे.