मर्सिडीज, मर्सिडिझ की मर्सेडीस?

प्रश्न दुहेरी आहे: यातलं कोणतं लिहायचं, आणि जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ काय?

आधी अर्थ. जर्मनमध्ये काहीच नाही, कारण शब्द स्पॅनिश आहे. 'मेर्सेद' म्हणजे कृपा, 'मेर्सेदेस' हे त्याचं अनेकवचन. मेरीमातेच्या 'मारिया दे लास मेर्सेदेस' या नामाभिधानावरून ते मुलींना ठेवतात. पणजीजवळच्या मेरशीचं पोर्तुगीज नाव 'मेर्सेस', तेही याच कुळातलं.

जर्मन गाडीला ते चिकटलं एका हट्टी विक्रेत्यामुळे. एमिल येलिनेक फ्रान्समधल्या नीसला राहून कान्स्टाटच्या डाइमलर कंपनीच्या गाड्या धनिकांना विकायचा. १८८९ साली व्हिएन्नात जन्मलेल्या त्याच्या मुलीचं नाव मेर्सेदेस. हा गृहस्थ १८९९ साली शर्यतीतही लेकीचं नाव घेऊनच उतरला. मार्च १९०० मध्ये नीसजवळच्या ला तुर्बीच्या चढावर डाइमलर गाडी आदळून चालक विल्हेल्म बाउअर दगावला. गाडी उंच आणि बोजड होती. येलिनेकने बुटकी, लांब, हलकी गाडी मागितली, एकदम ३६ गाड्यांची साडेपाच लाख मार्कांची मागणी नोंदवली आणि वर लेकीचं नाव लावायला लावलं. विल्हेल्म मायबाखने घडवलेल्या त्या ३५ अश्वशक्तीच्या गाडीने मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यती गाजवल्या. १९०२ साली नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंद झाली. १९०३ मध्ये तर येलिनेकने स्वतःचं आडनावच 'येलिनेक-मेर्सेदेस' करून घेतलं! बापाने लेकीचं नाव लावायचं, ही रीत विरळाच.

आता 'बेंझ'. कार्ल बेंझची कंपनी मानहाइमची, म्हणजे डाइमलरची प्रतिस्पर्धी. दोन्ही एक झाल्या १९२६ साली. त्यामुळे 'मर्सिडीजने १८८६ मध्ये पहिली मोटार बनवली' हे वाक्य सर्रास छापलं जातं, पण ते चूक. १८८६ चं पेटंट बेंझचं. तेव्हा मेर्सेदेस जन्मलीही नव्हती.

राहिलं लेखन. जर्मन माणूस साधारण 'मेर्त्सेडेस-बेन्त्स' म्हणतो. आपल्याकडे शब्द इंग्रजीच्या वाटेने आला, १९५४ पासून टाटांच्या ट्रकांवर बसून गावोगाव पोचला, आणि 'मर्सिडीज' म्हणून रुळला. तेच लिहावं. 'जहाज'मधला शेवटचा ज आपण जसा उच्चारतो तसाच इथे उच्चारतो, तेव्हा झ ची गरज नाही. या न्यायाने 'बेंज'ही चालायला हवं, पण तिथे रूढी 'बेंझ'च्या बाजूने आहे. 'मर्सेडीस' मात्र ना स्पॅनिश, ना जर्मन, ना मराठी.